हेही पाहा

“तुम्हाला कशाला उगाच त्रास द्यायचा काकू, म्हणून त्यालाच विचारलं.”

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट त्या दिवशी बंद होती आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आम्ही दोघी दम खात उभ्या होतो. मी भाजीची पिशवी घेऊन, चौथ्या मजल्यावरची ही मुलगी गमबूट हातात घेऊन. तिच्या पोटऱ्यांवर खाडीचा चिखल वाळून राखाडी खपल्या झालेल्या, आणि जिनाभर तो ओहोटीचा वास. सडलेली पानं, मीठ आणि किंचित गंधक. एमएस्सीच्या प्रबंधासाठी ती ऐरोलीच्या बाजूला खाडीत निवट्या, म्हणजे चिखलातले ते मासे, मोजायला जाते. निवट्या मोजतात म्हणजे नेमकं काय करतात, असं मी विचारलं आणि ती खुलली. सांगता सांगता म्हणाली, ठाण्याच्या खाडीत हे काम आधी कुणी केलंय का, तेही शोधून झालं, तासाभरात. कुठे शोधलंस, म्हटलं. त्यावर हे वाक्य. ‘तो’ म्हणजे एआय. मी चौतीस वर्षं ठाण्यातल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल होते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिची आई माझ्याच काउंटरवरून पुस्तकं न्यायची. पोरगी तोऱ्यात बोलली असती तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ती मला जपत होती. काकूंचे गुडघे दुखतात, कशाला त्यांना!

नेमकं तेच टोचलं.

दोन दिवसांनी मीच तिला खाली बोलावलं. दाखव तरी, म्हटलं, तुझा तो शोधतो कसा. ती लॅपटॉप घेऊन आली. आधी तिने नेहमीच्या सर्च इंजिनात इंग्रजी अक्षरांत ‘निवटी’ टाकून दाखवलं. ते बिचारं आम्हाला थेट सिंधुदुर्गात घेऊन गेलं: निवतीचा किनारा, निवतीचा किल्ला, निवतीत राहायची घरगुती सोय. मग तोच शब्द तिने एआयला दिला, पुढे ‘ठाणे खाडी’ जोडून. त्यालाही पहिल्या फटक्यात ओळख पटली नाही, पण त्याने उलट विचारलं: भरती ओसरल्यावर चिखलात उड्या मारणारा, डोळे डोक्यावर असलेला मासा म्हणताय का? हो म्हटल्यावर मात्र त्याने पोतडीच सोडली. इंग्रजीत मडस्किपर. आपल्या खाड्यांत मिळणाऱ्यांपैकी एकाचं शास्त्रीय नाव बोलिऑफ्थॅल्मस डसुमिएरी. १८३७ साली व्हॅलॉसिएन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते दिलं, इथले मासे गोळा करून पॅरिसला धाडणाऱ्या डसुमिए या व्यापाऱ्यावरून. जुन्या लेखांत शोधायचं तर नुसतं ‘ठाणे’ टाकू नका. थाना, टाना, टान्ना, साल्सेट, बॉम्बे हार्बर असं सगळं टाकून पाहा. आणि चौकटीतली बिळांची तोंडं मोजून माशांचा आकडा काढणार असाल तर जपून, एका बिळाला एकाहून जास्त तोंडं असू शकतात, शिवाय त्यांतली काही खेकड्यांची असतील. ही शेवटची सूचना वाचून दाखवताना पोरगी जरा ओशाळली. पहिले दोन महिने ती तोंडंच मोजत होती.

मी चहा टाकायला उठले. खरं तर मला जरा वेळ हवा होता. कारण समोर पडद्यावर जे चाललं होतं ते मला ओळखीचं वाटत होतं, आणि ज्याचा हेवा वाटतो ते ओळखीचं निघालं की माणूस जास्तच अस्वस्थ होतो.

ज्यांनी कार्ड कॅटलॉग वापरला आहे त्यांना आठवेल. सागवानी कपाट, त्याचे लांबट खण, प्रत्येक खणात पितळी सळई आणि तिच्यात ओवलेली पोस्टकार्डाहून लहान कार्डं. खण ओढला की लाकडाचा आणि जुन्या शाईचा एक गोडसर वास यायचा. त्यातली बहुतेक कार्डं पुस्तकांची, पण मधूनमधून अशीही कार्डं असायची ज्यांच्यावर पुस्तकच नसे. वर एक शब्द आणि खाली ‘पाहा’. ‘शेतकी, पाहा: कृषी.’ म्हणजे तुम्ही दार चुकलात, पलीकडच्या दारावर टकटक करा. आणि दुसरी जात ‘हेही पाहा’ची: ‘खाडी, हेही पाहा: मत्स्यव्यवसाय, मिठागरे, खारफुटी.’ नवशिकी असताना मला ही कार्डं म्हणजे कंटाळवाणं काम वाटायचं. पुढे कळलं की ग्रंथपालाची अक्कल दिसते ती याच कार्डांत. पुस्तकाचं कार्ड करायला शीर्षकपृष्ठ पुरतं. ‘हेही पाहा’ करायला मात्र वाचक कुठल्या शब्दाने चाचपडत येईल, ते आधीच ओळखावं लागतं. मी वर्षाकाठी अशी शंभरेक कार्डं करत असेन आणि मला त्यांचा अभिमान होता. हा पडद्यावरचा गडी दर वाक्याला एक ‘हेही पाहा’ करत होता. तो शब्दाला शब्द जुळवत नाही म्हणे. कुठला शब्द कुठल्या शब्दांच्या संगतीत येतो ते आकड्यांत मांडतो आणि अर्थाने जवळची असतील ती पानं शोधतो. मुलीने हे मला दोनदा समजावलं. मला पहिल्यांदाच समजलं होतं, पण ती छान सांगत होती म्हणून ऐकून घेतलं.

आणि टान्ना! हा शब्द त्याने काढला तेव्हा मी मनातल्या मनात मान डोलावली. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आता जिथे कारागृह आहे तिथे, बांधकामासाठी खणताना ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचं दानपत्र, शके ९३९चं. दुसऱ्याच वर्षी, १७८८ मध्ये, कलकत्त्याच्या एशियाटिक रिसर्चेस या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात त्याचं इंग्रजी भाषांतर छापून आलं, आणि तिथे आपलं गाव ‘टान्ना’ आहे. म्हणजे या गावाचा हजार वर्षांचा पुरावा सव्वादोनशेहून जास्त वर्षं छापील स्वरूपात पडून आहे, पण ‘ठाणे’ म्हणून शोधणाऱ्या पोराला तो दिसणारच नाही. कुणी लपवलेला नाही, कुलूप नाही, फक्त दारावरची पाटी वेगळी. आमच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मुलांसाठी मी हे ‘पाहा’ कार्ड केलं होतं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत ते तीन जणांनी वापरलेलं मला आठवतं. तिसरा तर चुकून आला होता, त्याला टाटा हवे होते.

ग्रंथालयशास्त्र शिकताना आम्हाला एका परदेशी प्राध्यापकाची गोष्ट सांगितली होती. पुढे आयुष्यभर मी ती जो सापडेल त्याला सांगत आले, घरचे ‘झालं सुरू’ म्हणून उठून जाईपर्यंत. शिकागो विद्यापीठातले डॉन स्वॉन्सन. मूळचे भौतिकशास्त्रातले, नंतर ग्रंथालयांकडे वळलेले. वैद्यकाशी तसा संबंध नाही. रेनॉड नावाचा एक विकार आहे, त्यात थंडीने बोटं पांढरीफटक पडतात. त्याच्यावरच्या लेखांत स्वॉन्सनना दिसलं की या रोग्यांचं रक्त जरा दाट असतं, रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, चटकन चिकटतात. दुसरीकडे माशाच्या तेलावर लिहिलेले लेख होते, त्यांत नोंद होती की या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो, बिंबिका कमी चिकटतात. दोन्हीकडचे लेख छापलेले, ग्रंथालयांत लावलेले, कुणीही वाचावेत असे. पण या गल्लीतला त्या गल्लीत जात नव्हता. एकाही लेखात दुसऱ्या बाजूचा उल्लेख नव्हता. स्वॉन्सननी १९८६ साली नुसत्या वाचनाच्या जोरावर मांडलं की माशाचं तेल या विकारात उपयोगी पडेल. पुढे काही वर्षांतच एका छोट्या चाचणीत त्याला दुजोरा मिळाला. १९८८ साली त्यांनी अर्धशिशी आणि मॅग्नेशियम यांची तशीच गाठ घालून दाखवली. सगळ्यांसमोर मांडून ठेवलेलं आणि तरी कुणाला न सापडलेलं ज्ञान, असं ते त्याला म्हणायचे. मला या गोष्टीत औषधापेक्षा ती बोळ जास्त आवडायची, दोन गल्ल्यांच्या मधली, जिथून कुणी जात नाही. आता हे यंत्र त्या बोळांतून दिवसाला लाखो फेऱ्या मारू शकतं, हे ऐकून मला आनंद व्हायला हवा. झालाही.

पण जिन्यातलं वाक्य जात नव्हतं. कशाला त्रास द्यायचा.

आमच्या रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम लिहिले, त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. परीक्षेला हमखास असायचा. त्या नियमाप्रमाणे पोरीने योग्य तेच केलं. तिचा वेळ वाचला आणि माझे गुडघेही. तरी मला आठवत राहिला तो वेळ न वाचलेला एक मुलगा. विटाव्याचा होता, बीएस्सीला. आडनाव अजिबात आठवत नाही. कॉलर नीट इस्त्रीची, पण वह्यांना खाडीचा वास. वडील खाडीत मासे धरायचे, हा पहाटे त्यांच्याबरोबर जाऊन मग लेक्चरला यायचा. एकदा दुपारी काउंटरवर गर्दी ओसरेपर्यंत थांबला, मग जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, “मॅडम, निवटीला इंग्लिशमधे काय म्हणतात?” असं विचारलं की जणू मुतारी कुठे आहे ते विचारतोय. सरांना का नाही विचारलंस, म्हटलं. गप्प. वर्गात ‘निवटी’ हा शब्द उच्चारला की पोरं त्याच्या वासावर बोलायची, हे नंतर कळलं. त्याला त्या माशाचं सगळं माहीत होतं. कुठल्या चिखलात असतो, पौर्णिमेच्या उधाणाला काय करतो, नर कसा पंख उभारून उडी मारतो, बीळ कुठल्या बाजूने खणलं की हाताला लागतो. फक्त ज्या शब्दाने हे सगळं पुस्तकात आहे, तो शब्द त्याच्याकडे नव्हता. माझ्याकडेही नव्हता. आम्हाला तीन आठवडे लागले. मी मुंबईच्या एका मोठ्या ग्रंथालयात जाऊन फ्रान्सिस डे या एकोणिसाव्या शतकातल्या अधिकाऱ्याच्या माशांवरच्या ग्रंथातल्या आकृत्या पाहत बसले, त्यांतल्या तीन ट्रेसिंग पेपरवर उतरवून आणल्या, आणि त्याने एका क्षणात मधल्या आकृतीवर बोट ठेवलं. “हीच आमची.” आमची, म्हणाला.

त्या तीन आठवड्यांत तो रोज काउंटरवर येऊन उभा राहायचा आणि मीही हळूहळू त्याची वाट पाहायला लागले. आता वाटतं, उत्तर एका संध्याकाळी मिळालं असतं तर त्याचं भलंच झालं असतं. विचारताना त्याचे कान लाल व्हायचे. तसे व्हायला नको होते कुणाचेच. एआयला कुणी वासावरून हसेल अशी भीती नाही, रात्री दोनला विचारा, शुद्धलेखन चुकवून विचारा, तोच प्रश्न पाचदा विचारा. ही मुलगी म्हणते ना, की ‘हे आधी कुणी केलंय का’ हा प्रश्न गाइडला विचारायचीच तिला धास्ती वाटते, कारण पुढे ‘तुम्ही काहीच वाचलं नाही का?’ येणार. एआयला विचारताना नाही वाटत. लाजेपायी किती प्रश्न आमच्या काउंटरपर्यंत येऊन परत गेले असतील, याची कुठल्याच रजिस्टरात नोंद नाही. आणि तरी. त्या मुलामुळे मी पहिल्यांदा निवट्या घरी आणल्या. दारावर येणाऱ्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशीला सांगून ठेवल्या होत्या. तिने पाटीतून काढल्या तर जिवंत, मोरीत टाकल्यावर भिंतीला चिकटून वर चढायला बघणाऱ्या. मिठाने चोळचोळून बुळबुळ काढायची, हे तिनेच शिकवलं. कालवण कसं झालं ते मी विसरले, पण त्या वर येऊन टकामका बघणाऱ्या डोळ्यांना झाकण म्हणून मी परात पालथी घातली होती, ते लक्षात आहे. फ्लेमिंगोंसाठी आता अभयारण्य झालं, २०२२ साली खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली, ऐरोलीला बोटीत बसून लोक गुलाबी पक्षी पाहायला जातात. निवटीसाठी तिकीट काढून कुणी येत नाही. ती आहे तिथेच, चिखलात, डोळे वर करून.

मुलीच्या गड्याने काही संदर्भ दिले होते. मी सवयीने म्हटलं, एकेक उघडून दाखव. पहिला निघाला, दुसरा निघाला, तिसरा कुठेच नाही. लेखकाचं नाव शोभेलसं, नियतकालिक खरं, वर्ष खरं, पानांचे आकडेही होते. फक्त तो लेख कुणी लिहिलाच नव्हता. यादीशी ताडून न पाहता नुसतं पुढचा शब्द कोणता शोभेल या अंदाजाने बोलत गेला की त्याचं असं होतं. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असे हवेतले खटले कोर्टापुढे ठेवले आणि पाच हजार डॉलरचा दंड भरला. मुलगी खट्टू झाली. मी तिची समजूत काढली ती गंमतच झाली, कारण बाजू मी यंत्राचीच घेत होते. म्हटलं, बाई, भुताचे संदर्भ आमच्या वेळीही होते. न वाचलेला लेख दुसऱ्याच्या यादीतून उचलून स्वतःच्या यादीत टाकायचा, हा धंदा जुना. दोघा अभ्यासकांनी एकदा हे मोजलं होतं. १९७३ सालचा भौतिकशास्त्रातला एक गाजलेला निबंध घेतला आणि त्याचा उल्लेख करणारे साधारण ४,३०० लेख तपासले. त्यांत १९६ ठिकाणी संदर्भ चुकीचा छापलेला होता, पण वेगवेगळ्या चुका भरल्या जेमतेम ४५. एकच चुकीचा पान क्रमांक तर ७८ जणांनी जसाच्या तसा लिहिला होता. मूळ पान कुणी उघडलं असेल तर अठ्ठ्याहत्तर जणांचं बोट एकाच जागी कसं घसरेल? त्यांचा अंदाज असा निघाला की उल्लेख करणाऱ्यांतला पाचातला एखादाच मूळ लेख वाचतो. मुलगी हसली. मग तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाली, पण हे एक तर बरोबर आहे ना, काकू?

पडद्यावर लिहिलं होतं: ठाणे खाडीच्या या भागातल्या निवट्यांच्या संख्येची कॉलेज पातळीवरची जुनी नोंद उपलब्ध स्रोतांत आढळली नाही.

हो, म्हटलं. बरोबर आहे.

आढळणार नव्हतीच. विटाव्याच्या त्या मुलाने शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट केला तो निवट्यांवर. सुतळीने बांधलेली लाकडी चौकट, हिवाळ्याचे चार महिने, दर ओहोटीला मोजणी. तोंडं नाही, मासे. तो त्यांना ओळखत होता. टंकलिखित साठ-सत्तर पानं, काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं जी वर्षभरात उडतात. एक प्रत त्याची, एक ग्रंथालयाची. अशा प्रोजेक्टांचे गठ्ठे आम्ही लोखंडी कपाटांवर छतापर्यंत रचायचो, कारण त्यांना दाखल क्रमांक द्यायचा की नाही, हे कधी ठरलंच नाही. पीएचडीच्या प्रबंधांसाठी २००९ साली नियम आला, ते आता शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर सापडतात. बीएस्सीच्या पोरांच्या कामाला कसली गंगा! मग एका वर्षी तपासणीला समिती येणार होती. भिंती रंगवायच्या, कपाटावरचं ‘ओझं’ उतरवायचं ठरलं. यादी मी केली. नुसता आकडा, शीर्षकंसुद्धा नाहीत: प्रोजेक्ट रिपोर्ट, जुने, इतके नग. खाली सही माझी. टेम्पोवाल्याने काटा लावला तेव्हा मी समोर उभी होते, आणि खरं सांगायचं तर कपाटाची डोकी मोकळी झाल्यावर मला बरंच वाटलं होतं. सुटसुटीत. रद्दीच्या पैशांत नवे पंखे आले. एआयने प्रामाणिकपणे आपलं काम केलं, जे आहे त्यात शोधलं आणि नाही म्हणाला. ते नाहीसं करणारी बाई त्याच्या समोर चहाचा कप घेऊन बसली होती, हे त्याला कळायचा मार्ग नव्हता.

मुलगी गेल्यावर मी माळ्यावरची खोकी काढायला लावली. तशीही आमची बिल्डिंग पुनर्विकासाला चालली आहे. नौपाड्यात आता कुठल्या बिल्डिंगला हिरवी जाळी नाही ते सांगा. बाद झालेली कॅटलॉगची कार्डं मी निवृत्त होताना घरी आणली होती. पाठकोरी, जाडसर, खाली गोल भोक. वाण्याच्या यादीला यांच्यासारखा कागद नाही. अजून चार खोकी शिल्लक आहेत. मी रात्री जेवण झाल्यावर बसून ती चाळली. ‘ताग’, ‘तापमापक’, ‘तारापूर’. माझंच वळणदार अक्षर, पंचविशीतलं. मागे तूरडाळ, साबण, गॅसवाल्याचे सुटे. मला वाटत होतं की मी त्या मुलासाठी एक ‘निवटी, पाहा:’ कार्ड केलं होतं. केलं असणारच, मी करणारी होते. सापडलं नाही. ‘नि’चा गठ्ठाच नाही. बहुधा तो वाण्याकडे गेला.

आठवड्याने मुलगी पुन्हा आली. मी तिला सगळं सांगून टाकलं, सहीसकट. ती रागावेल असं वाटलं होतं. तिचे डोळे चमकले. “म्हणजे नोंद होती! काकू, तुम्हाला त्यातलं काय आठवतं? मी त्याला विचारलंय, तोंडी माहिती प्रबंधात देता येते. ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून. तुमचं नाव आणि तारीख.” चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं लावली. कुठल्याच यादीत माझं नाव यायचं कारण नव्हतं. ती वही उघडून बसली आणि काउंटरच्या पलीकडून विचारतात तसं विचारू लागली. कुठली जागा? विटाव्याच्या अंगाची. कुठले महिने? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. चौकट केवढी? एक मीटर. आणि साधारण किती निघाल्या एका चौकटीत?

“पंधरा,” मी म्हणाले. “पंधराच्या आसपास.”

तिने लिहून घेतलं. माझ्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग विचारलं, तेही लिहिलं. जाताना म्हणाली, हल्ली तिला चार-पाचच मिळतात. पंधरा म्हणजे केवढी घट. पोरीचा आवाज जरा कापरा झाला होता, अभ्यासकाला काहीतरी हाती लागल्यावर होतो तसा.

रात्री झोप येईना. पंखा फिरत होता आणि मी त्या काळ्या रेक्झिनच्या बांधणीतलं पान डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करत होते. तक्ता आठवतो. आडव्या-उभ्या रेघा पट्टीने मारलेल्या, एका रकान्यावर शाई सांडलेली. आकडे नाहीत. मग पंधरा मी कुठून आणले? इतक्या ठामपणे, क्षणभरही न अडखळता? बाहेर कुठेतरी सळया उतरवत होते, रात्रीचं काम. अडीचच्या सुमाराला मला मोरी दिसली, परात दिसली, आणि दाराशी उकिडवी बसलेली मावशी. पाटीवर ओलं फडकं, हात पुढे. पंधरा रुपये वाटा. मी बारा म्हटलं होतं आणि ती हसली होती.

मी चष्मा शोधून मुलीला मेसेज केला: पंधरा खोडून टाक. तो वाट्याचा भाव होता.

ती जागीच होती. निळ्या दोन खुणा लगेच उमटल्या आणि पाठोपाठ उत्तर आलं, “कसला वाटा, काकू? खाली येऊ?”

मी उठले आणि जिन्यातला दिवा लावला.